दुर्लक्षित वास्तुविशारदांचा शोध, कोल्हापुरातून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील जुन्या इमारती कोणी रचल्या, याचा अभ्यास करताना घरमालक, विद्यार्थी, पत्रकार आणि कधी कधी चिंतेत पडलेले भाडेकरू जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

वास्तुइतिहासकाराचे काम आर्किटेक्टपेक्षा वेगळे कसे?

आर्किटेक्ट पुढे उभ्या राहणाऱ्या इमारतीचा नकाशा काढतो. वास्तुइतिहासकार उभ्या असलेल्या, किंवा पाडून टाकलेल्या, इमारतीपासून मागे जातो. तो नकाशा कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून काढला, पैसा कुठून आला, दगड कोणत्या खाणीचा, नकाशात नसलेला जिना प्रत्यक्षात कसा आला, याची तो कागदपत्रांच्या आणि प्रत्यक्ष मोजमापांच्या आधारे संगती लावतो. शैलींची नावे देणे हा या कामाचा फार छोटा भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाचाही.

‘दुर्लक्षित’ कोणाला म्हणायचे?

ज्याचे काम उभे आहे, वापरात आहे, लोकांना आवडते आहे, पण ज्याचे नाव कोनशिलेवर, पुस्तकात किंवा मार्गदर्शकाच्या तोंडी येत नाही, तो दुर्लक्षित. यात खेड्यातल्या अनामिक कारागिरापासून मोठ्या शहरातल्या यशस्वी व्यावसायिकापर्यंत कोणीही असू शकतो. गजानन बाबुराव म्हात्रे यांनी १९३० च्या दशकात मुंबईत मरीन ड्राइव्हच्या ‘सूना महाल’सारख्या इमारती रचल्या. त्यांच्या हयातीत त्यांच्याकडे कामाची वाण नव्हती, पण १९७३ मध्ये ते वारल्यानंतर त्यांच्या कामावर स्वतंत्र पुस्तक यायला २००० साल उजाडावे लागले. ‘सूना महाल’सारख्या आर्ट डेको शैलीच्या मुंबईतील इमारतींना युनेस्कोची मान्यता मिळाली ती २०१८ मध्ये. म्हणजे लोक ज्या घरांत तीन पिढ्या राहिले, त्या घरांचा रचनाकार कोण हे विचारायला शहराला साठ-सत्तर वर्षे लागली. मुंबईची ही कथा असेल, तर कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी यांच्याबद्दल काय बोलावे!

कोल्हापुरातील मोठ्या इमारती मेजर मँट यांनी रचल्या हे सर्वांना माहीत आहे. मग शोधायचे काय उरले?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, म्हणून उत्तरही सविस्तर देते. रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश लष्करी अभियंता दलाचे मेजर चार्ल्स मँट यांचे कोल्हापुरातील काम मोठे आहे, यात शंका नाही. टाउन हॉल १८७२ ते १८७६ या काळात झाला. दुसरे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. तेथे आर्नो नदीच्या काठी जी छत्री आहे, तिचा आराखडाही मँट यांचाच. आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. ती छत्री १८७४ ची. (तिच्याजवळ पुढे बांधलेल्या पुलालाही फ्लॉरेन्सकर त्या ‘भारतीया’च्याच नावाने ओळखतात. कोल्हापूरकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.)

आता नव्या राजवाड्याकडे पाहू. त्याचे काम १८७७ मध्ये सुरू झाले आणि १८८४ मध्ये पूर्ण झाले. मँट मात्र १८८१ मध्येच वारले. घडीव काळ्या दगडाची ही वास्तू, तिचे मनोरे, मधला घड्याळाचा बुरूज, कमानींवरचे नक्षीकाम हे सगळे आराखडाकार हयात नसताना तीन वर्षे चालू राहिले. बांधकामाचा ज्यांना थोडाही अनुभव आहे, त्यांना हे सांगायला नको की शेवटची तीन वर्षे ही कागदावरच्या रेषेचा दगड होण्याची वर्षे असतात. कोणती नक्षी करायची आणि कोणती सोडायची, घुमटाचा भार कसा पेलायचा, पैसे कमी पडले तर कुठे हात आखडता घ्यायचा, हे निर्णय तेव्हा जागेवर उभे राहून कोणीतरी घेतले. मँट यांनीच आखलेला बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पुढे रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये पूर्ण केला, त्यामुळे बडोद्यात निदान दोन नावे घेतली जातात. कोल्हापुरात दुसरे नाव कोणी विचारतही नाही. शोधायचे ते हेच. मँट यांचे श्रेय कमी करणे हा उद्देश नाही. त्यांचे काम जिथे संपले तिथून पुढचे काम कोणाचे, एवढाच प्रश्न आहे.

खासबाग मैदानाचेही तसेच. शाहू महाराजांनी १९०२ च्या दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले आणि त्यावरून कुस्तीच्या मैदानाची कल्पना घेतली, ते १९१२ मध्ये पूर्ण झाले, हे आपण सगळेच सांगतो. पण हजारो माणसे बसली तरी प्रत्येकाला हौद्यातला पैलवान दिसला पाहिजे, यासाठी मातीच्या उताराचा कोन कोणीतरी दोरी धरून ठरवला असेल. राजाची दृष्टी आणि मोजणीदाराची दोरी या दोन्ही गोष्टी इतिहासातच मोडतात.

मँट यांनी राजवाडा कोसळेल या भीतीने आत्महत्या केली, हे खरे का?

ही कथा बडोद्याच्या राजवाड्याच्या संदर्भात सांगितली जाते आणि ती कथा म्हणूनच ठेवावी. तिच्यापेक्षा तिचा साचा मला अधिक बोलका वाटतो. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलबद्दलही असेच सांगतात, की विलायतेहून आलेल्या आर्किटेक्टने हॉटेल उलट्या तोंडाने बांधलेले पाहिले आणि जीव दिला. प्रत्यक्षात ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. वैद्य १९०० मध्ये वारले, काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले आणि १९०३ च्या डिसेंबरमध्ये हॉटेल उघडले. एका काल्पनिक साहेबाच्या शोकांतिकेने एका खऱ्याखुऱ्या मराठी माणसाचे नाव झाकून टाकले, आणि ती गोष्ट आपणच चवीने सांगत राहिलो.

एवढ्या जाणत्या लोकांची नावे मुळात हरवली कशी?

बऱ्याच अंशी ती व्यवस्थेनेच हरवली. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी शाळेचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, मूळ हेतूच सरकारी बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याचा होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आरेखकांचा वर्ग १८९६ मध्ये सुरू झाला. शिकून बाहेर पडणारा मुलगा ओव्हरसियर किंवा ड्राफ्ट्समन व्हायचा. त्याने काढलेल्या नकाशावर मंजुरीची सही वरच्या साहेबाची, आणि छापील अहवालात नाव त्याच साहेबाच्या पदाचे. शिवाय ‘आर्किटेक्ट’ या पदाला आपल्याकडे कायद्याचा आधार मिळाला तो १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने. त्यापूर्वी ज्यांनी आयुष्यभर उत्तम इमारती रचल्या, त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःला कागदोपत्री कधी आर्किटेक्ट म्हटलेच नाही. यादीत नाव शोधायचे तर ते चुकीच्या यादीत शोधून चालत नाही.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा खाती बदलली, कचेऱ्या हलल्या, दप्तरे एका इमारतीतून दुसरीकडे गेली. अशा हलवाहलवीत नकाशांचे गठ्ठे सर्वांत आधी नजरेआड होतात, कारण ते अवजड असतात आणि त्यावर कोणाचा दावा चालू नसतो.

पुरावे मिळतात तरी कुठे?

दरबारच्या दप्तरात, संस्थानच्या वार्षिक प्रशासन अहवालांत, करवीर सरकारच्या गॅझेटात, बांधकाम खात्याच्या मोजमाप वह्यांत, नगरपालिकेच्या बांधकाम परवान्यांच्या फायलींत आणि सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकांत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. तेथील जुनी नियतकालिके उद्घाटनांच्या बातम्यांसाठी उपयोगी पडतात, मात्र अशा बातमीत पाहुण्याचे भाषण दोन रकाने आणि बांधणाऱ्याचे नाव अर्धी ओळ, हे प्रमाण गृहीत धरूनच वाचावे लागते.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. जुना सरकारी नकाशा बहुधा ट्रेसिंग क्लॉथवर असतो. हे खळ दिलेले तलम कापड निळसर झाक असलेले, एका अंगाने चकचकीत असते, आणि त्यावर पाण्याचा थेंब पडला तर खळ विरघळून तिथे पांढरा डाग राहतो. उजव्या कोपऱ्यात खाली लहानशी चौकट असते. आरेखन, ट्रेसिंग, तपासणी, मंजुरी अशा ओळी तीत असतात. मंजुरीसमोर पूर्ण नाव आणि हुद्दा, तपासणीसमोर घाईची सही, आणि वरच्या दोन ओळींसमोर फक्त आद्याक्षरे, तीही कधी पुसट. माझे निम्मे काम त्या दोन-तीन आद्याक्षरांचे आहे. त्या वर्षाचे पगारपत्रक काढायचे, ती आद्याक्षरे असलेला माणूस खात्यात होता का ते पाहायचे, मग त्याची बदली, बढती, निवृत्ती यांचा माग काढायचा आणि त्याच्या हाताचे दुसरे नकाशे सापडतात का ते पाहायचे. अक्षराचे वळण, उत्तर दिशेचा बाण काढण्याची ढब, झाडे दाखवायची पद्धत यांवरून ड्राफ्ट्समन ओळखता येतो. पोस्टमन जसा पाकिटावरच्या अक्षरावरून पाठवणारा ओळखतो, तसेच हे.

कागदच नसतील तर?

मग इमारतच वाचावी लागते, आणि इथे फार सावध राहावे लागते. राजारामपुरीच्या गल्ल्यांतून जुन्या बंगल्यांपैकी जे उरले आहेत, त्यांत अर्धगोल व्हरांडा, खिडक्यांवरून सलग धावणारा छज्जा, जिन्याच्या कठड्यात उगवत्या सूर्याची सिमेंटची जाळी आणि मोझॅकच्या पायऱ्या हे सारे सहज दिसते. दोन वेगळ्या गल्ल्यांतल्या बंगल्यांवर अगदी एकसारखी जाळी असली, अगदी एका किरणाची कड एकाच ठिकाणी तुटकी असली, तर उत्साहाने म्हणावेसे वाटते की रचनाकार एकच. पण त्यावरून सिद्ध होते ते एवढेच, की दोन्ही जाळ्या एकाच साच्यातून निघाल्या. साचा कंत्राटदाराचा असतो आणि तो कोणाच्याही कामावर जातो. रचनाकाराचा हात दिसतो तो साच्यात न बसणाऱ्या गोष्टींत. पायरीची उंची आणि रुंदी यांचे प्रमाण, कोपऱ्यातली खिडकी भिंतीच्या टोकापासून किती अंतरावर घेतली आहे, पावसाच्या झडीचा विचार करून दरवाजा कुठे वळवला आहे, स्वयंपाकघरातून मागच्या दारी जाताना माजघर ओलांडावे लागते की नाही, अशा गोष्टी मोजून तुलना केल्यावर कुठे अंदाज बांधता येतो. तो अंदाजच असतो, आणि माझ्या नोंदीत तो अंदाज म्हणूनच लिहिलेला असतो.

जुन्या वाड्यांत तर आराखडा आणि बांधकाम हे वेगळे कामच नव्हते. गवंडी, सुतार आणि पाथरवट यांनी मालकाशी बोलून चौक किती हातांचा, सोपा किती खणांचा हे जागेवर ठरवले. तिथे एकच रचनाकार शोधणे हा आजच्या सवयीचा हट्ट आहे.

मोडी लिपी यायलाच हवी का?

कोल्हापूर संस्थानावर काम करायचे असेल तर हो. हिशेब, हुकूम आणि हजेऱ्या यांचा मोठा भाग मोडीत आहे. वाचून देणारे जाणकार मिळतात, पण कोणता कागद वाचून घ्यायचा हे ठरवण्यापुरती तरी मोडी स्वतःला यावी.

श्रेय कसे ठरवता? एकाऐवजी दुसऱ्याला मोठे करणे, असेच हे नाही का?

तसे होण्याचा धोका नेहमीच असतो. विस्मृतीत गेलेले नाव सापडले की संशोधकाला त्या माणसाबद्दल माया वाटू लागते, मग जिथे तो केवळ देखरेखीला होता तिथेही त्याला रचनाकार ठरवण्याचा मोह होतो. आणखी एक अडचण कुटुंबांची. आजोबांनी अमुक इमारत बांधली असे घरात पिढ्यान्पिढ्या सांगितले गेलेले असते, आणि कागद सांगतात की आजोबा तिथे पोटकंत्राटदार होते. असे सांगताना समोरच्याचा चेहरा उतरतो. तरीही ते सांगावेच लागते, आणि पोटकंत्राटदार असणे ही कमी प्रतीची गोष्ट नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे लागते.

म्हणून प्रत्येक इमारतीची नोंद मी एका नावाखाली करत नाही. काम कोणी सांगितले, आराखडा कोणी केला, नकाशा कोणी काढला, देखरेख कोणाची, बांधले कोणी, पुढे बदल कोणी केले, असे वेगवेगळे रकाने असतात आणि पुरावा नसलेला रकाना रिकामा राहतो. गेटवे ऑफ इंडियाचे उदाहरण घ्या. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, देखरेखीत रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई यांचे नाव, बांधकाम गॅमन कंपनीचे, आराखड्याला अंतिम मंजुरी १९१४ ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चे. ही सारी नावे शेजारी शेजारी लिहिल्याने विटेट लहान होत नाहीत. उलट नकाशा आणि वास्तू यांच्यामध्ये गेलेली ती वर्षे कशी गेली असतील, हे कळायला लागते. कोल्हापुरातील बहुतेक इमारतींच्या नोंदीत पहिला आणि शेवटचा रकाना भरलेला आणि मधले रिकामे असतात. त्या रिकाम्या जागा लोकांना खटकतात, आणि खटकाव्यात असेच मला वाटते.

या शोधात स्त्रिया कुठे आहेत?

वास्तुविद्येची पदविका मिळवणाऱ्या भारतातील पहिल्या स्त्रियांपैकी पेरिन जमशेटजी मिस्त्री या मुंबईच्या होत्या आणि ती पदविका त्यांनी १९३६ मध्ये मिळवली. प्रवीणा मेहता यांनी चार्ल्स कोरिया आणि शिरीष पटेल यांच्यासह १९६० च्या दशकात नवी मुंबईची कल्पना मांडली, पण सर्वसाधारण वाचकाला या तिघांपैकी बहुधा एकच नाव आठवते. बाहेरच्या जगातही वेगळे चित्र नाही. १९९१ चा वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार रॉबर्ट व्हेन्चुरी यांना एकट्यांना मिळाला, त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या डेनिस स्कॉट ब्राउन यांना नाही. २०१३ मध्ये तो निर्णय बदलण्याची मागणी झाली, ती नाकारली गेली. अमेरिकेतील जुलिया मॉर्गन यांना तिथल्या वास्तुविशारद संस्थेचे सुवर्णपदक २०१४ साली मिळाले, त्या १९५७ मध्येच वारल्या होत्या.

बांधकामावर दगड आणि चुना वाहणाऱ्या बायका जुन्या हजेरीपटांत अनेकदा केवळ संख्येने येतात. त्यांची नावे मिळण्याची आशा फार नाही, पण संख्या तरी नोंदवावी.

केशवराव भोसले नाट्यगृहाच्या आगीनंतर अशा अभ्यासाचा काही उपयोग झाला का?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेली ही वास्तू पुन्हा ‘जशी होती तशी’ उभी करावी, ही मागणी सर्वांनी केली. पण जशी होती म्हणजे १९१५ ची की मधल्या नूतनीकरणांनंतरची, याचे उत्तर भावनेतून मिळत नाही. ते मूळ नकाशे, दुरुस्त्यांच्या फायली, जुनी छायाचित्रे आणि शिल्लक दगडी भिंतींची मोजमापे यांतूनच मिळते. इमारत धडधाकट असताना तिची नोंद करणे कोणाला निकडीचे वाटत नाही, आणि आग किंवा पूर आल्यावर ती नोंद सगळ्यांना एका दिवसात हवी असते. पंचगंगेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या पेठांतल्या तळघरांत आणि तळमजल्यांवर ठेवलेल्या कागदांचे काय झाले असेल, हे वेगळे सांगायला नको.

तुम्ही आमच्या वाड्याची नोंद केली तर तो पाडता येणार नाही का?

नाही, तसे काही होत नाही. संशोधकाची नोंद आणि शासनाची वारसा यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत नाव घालणे हे ठरलेल्या प्रक्रियेने, हरकती मागवून केले जाते. पाडायचे ठरलेच असेल तर त्याआधी आम्हाला आत येऊन मोजमापे आणि छायाचित्रे घेऊ द्यावीत, एवढीच विनंती असते. तुळयांवरचे खुणेचे आकडे आणि दगडांवरच्या खुणा बहुतेक वेळा पाडकाम सुरू झाल्यावरच दिसतात, म्हणून त्या दिवशीही बोलावले तर उत्तम.

या क्षेत्रात यायचे असेल तर शिक्षण कोणते, आणि पोटापाण्याचे काय?

दोन वाटा आहेत. पाच वर्षांची बी.आर्क. करून पुढे दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर (एसपीए) किंवा अहमदाबादच्या सेप्टसारख्या ठिकाणी वास्तुसंवर्धन शिकणे ही एक, आणि इतिहास किंवा पुरातत्त्व या विषयांतून येऊन नकाशे वाचायला शिकणे ही दुसरी. पहिल्या वाटेने आलेले कागदाला कंटाळतात, दुसऱ्या वाटेने आलेले शिडीवर चढायला कचरतात. दोन्ही उणिवा भरून काढता येतात. उत्पन्न म्हणाल तर केवळ संशोधनावर घर चालत नाही. अध्यापन, जुन्या इमारतींच्या दस्तऐवजीकरणाची कामे, संवर्धनाच्या प्रकल्पांत सल्लागार म्हणून सहभाग यांतून ते चालवावे लागते, आणि दुर्लक्षित रचनाकारांचे काम संध्याकाळी व सुट्टीत होते. हे आधीच स्वच्छ सांगितलेले बरे.

सापडलेले नकाशे प्रसिद्ध करता येतात का?

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो, आणि सरकारी नकाशांसाठी नियम वेगळे आहेत. नकाशा तुमच्या कपाटात आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही. त्यामुळे वारसांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय अलीकडचे नकाशे मी छापत नाही.

आमच्या घरी वडिलांचे किंवा आजोबांचे जुने नकाशे आहेत. काय करावे?

सर्वप्रथम, रद्दीत देऊ नयेत. घडी घातलेले असतील तर जबरदस्तीने उलगडू नयेत, कारण घडीवरच तुकडे पडतात. गुंडाळी असेल तर सैल ठेवावी, रबर लावू नये, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असलेले ब्लूप्रिंट उन्हात फिके पडतात आणि अल्कधर्मी कागदात ठेवले तरीही त्यांचा रंग उतरतो. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेने उमटवलेल्या प्रती, वेगळ्या ठेवाव्यात, त्यांच्यामुळे शेजारचे कागदही पिवळे पडतात. लॅमिनेशन करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. नकाशांबरोबर पावत्या, पोस्टकार्डे, मजुरीचे हिशेब, डायऱ्या असतील तर त्या वेगळ्या काढू नयेत, कारण अनेकदा नकाशावर नसलेले नाव दुधाच्या हिशेबामागे खरडलेले सापडते. मूळ कागद आपल्याकडेच ठेवावेत. आम्हाला दिवसाच्या उजेडात, सपाट टेबलावर, चारही कोपरे दिसतील असे छायाचित्र मिळाले तरी पुरते, फक्त उजव्या बाजूच्या खालच्या चौकटीचे एक छायाचित्र जवळून घ्यावे.